एका हाताचा खेळ

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका बोळात, चपलांच्या दुकानाच्या वर, चेतना बोरामणीकरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर चढणाऱ्यानं खालीच थांबायचं. नवं गिऱ्हाईक धापा टाकत दारात येतं, आत मायक्रोस्कोपवर वाकलेली चाळिशीची बाई बघतं आणि विचारतं, "मेकॅनिक कधी येणारेत?" चेतना मान वर न करता म्हणते, "आलेत की. द्या इकडं."

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर ती दहा वर्षं एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होती. डब्यासारखे टीव्ही गेले, भिंतीवरचे आले, ते दुरुस्त करण्यापेक्षा लोक नवेच घेऊ लागले, तेव्हा ती मोबाईलकडं वळली. काच बदलणं, बॅटरी बदलणं हे कुणीही करतं. चेतनाकडं येतात ते दुसऱ्यांनी हात टेकलेले बोर्ड. पाण्यात पडलेले, पॉवर बँकेनं जळलेले, कुणी तरी आधीच उचकून ठेवलेले. तासन् तास एका जागी बसून तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान भाग उचलायचे आणि बसवायचे, हे काम तिला मनापासून आवडतं. घरी, जुळे सोलापूर या भागात, ती आणि तिचे वडील, दोघंच. आई, लीलाताई, सहा वर्षांपूर्वी गेल्या. धाकटा भाऊ अनीश पुण्यात असतो आणि दर रविवारी न चुकता फोन करतो.

वडील वेणीमाधव बोरामणीकर मुलींच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. साऱ्या शाळेला ते 'भाऊसाहेब'. बत्तीस वर्षांत एक दाखला चुकीचा गेला नाही, असं ते अजून सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. होटगी रोडवरच्या एका दवाखान्यात दुपारी बारा ते चार. डाव्या हातात दोन सुया. त्या हाताची बोटं हलवलेली चालतात, हात हलवलेला चालत नाही.

पहिलं वर्ष भाऊसाहेबांनी शिस्तीत काढलं. मग चौथा तास त्यांना खुपायला लागला. पेपर एका हातानं उलटता येईना. टीव्हीवर दुसऱ्याच कुणाच्या तरी आवडीची मालिका. मोबाईलची काच त्यांच्या थरथरत्या अंगठ्याला दाद देईना, एक दाबावं तर तिसरंच उघडायचं. तीन तास झाले की ते म्हणायचे, "काढा आता. पुरे झालं."

तिथली टेक्निशियन वैष्णवी समजूत घालायची, मग चेतनाला फोन करायची. "ताई, बाबा उतरतो म्हणतायत. तुम्ही बोला."

चेतना बोलायची. उपयोग व्हायचा नाही. घरी येऊन दोन दिवसांनी पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी एकदा तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "दर वेळी एक तास कमी, म्हणजे आठवड्याला तीन तास कमी. शरीर ते विसरत नाही."

"बाबा, एक तासाचा तर प्रश्न आहे," ती घरी म्हणाली.

"तू झोप तिथं एक तास," भाऊसाहेब म्हणाले. "छताकडं बघत. मग सांग मला."



घरात टीव्हीखाली अनीशनं कधी काळी परदेशातून आणलेला एक गेम कन्सोल होता. पांढरा, जाड पुस्तकाएवढा. अनीश पुण्याला गेल्यावर तो धूळ खात पडला होता. लॉकडाऊनमध्ये चेतनानं सहज सुरू केला आणि त्यातला मासेमारीचा एक खेळ भाऊसाहेबांना लागला. डोंगरातला तळ्याचा देखावा, काठावर एक माणूस, हातात गळ. वायरवाल्या रिमोटची दांडी हलवून गळ टाकायचा, पाण्यावर बुडबुडे आले की बटण दाबायचं, मग दोरी हळूहळू ओढायची. मासा लागला की खेळ विचारतो, ठेवायचा की सोडायचा. भाऊसाहेबांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. ते दर वेळी 'सोडा' निवडायचे, मासा पाण्यात जाताना बघायचे आणि पुन्हा गळ टाकायचे.

एका रविवारी संध्याकाळी चेतना स्वयंपाक करून बाहेर आली तर ते खेळत होते. तिनं घड्याळ बघितलं. साडेचारला बसले होते, सात वाजत आले होते. अडीच तासांत त्यांनी पाणीही मागितलं नव्हतं.

"बाबा, पाठ दुखत नाही?"

"थांब जरा," ते म्हणाले. "बुडबुडे आलेत."

तेव्हा तिच्या डोक्यात आलं की हा खेळ दवाखान्यात न्यायचा.

नुसतं आणून जोडायचं म्हटलं तर तिथं टीव्ही एकच, तोही भिंतीला उंचावर. तयार मिळणारे हातातले गेम दोन हातांनी धरायचे, आणि भाऊसाहेबांकडं तिथं हात एकच. मोबाईलवर तिनं तोच खेळ चालवून बघितला, तो दर मिनिटाला अडकत होता. परदेशात काही हौशी लोक याच कन्सोलचा बोर्ड कापून, नको तो भाग काढून टाकून, हातात मावेल एवढा गेम बनवतात, हे तिनं व्हिडिओत बघितलं होतं. तेव्हापासून तिचे हात शिवशिवत होते, हेही खरं. वडिलांचं निमित्त झालं.

कन्सोलचा बोर्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी. पण मधोमध दोन मोठ्या चिप, त्यांच्याजवळ मेमरी, एवढाच तिचा जीव. बाकी सगळं सोयीसाठी. चकती फिरवायचं, टीव्हीला जोडायचं, विजेचं. ते कापून टाकलं तर उरतो पत्त्यांच्या कॅटाएवढा तुकडा. मात्र कापलेल्या भागाबरोबर वीज देणारे भागही जातात, म्हणून त्या तुकड्याला बाहेरून चार वेगवेगळे व्होल्टेज पुरवावे लागतात. आणि पाटी दिसते एक, असते अनेक थरांची. करवतीनं कापताना तांब्याचा एक थर दुसऱ्याला चिकटला की बोर्ड मेला.

घरचा कन्सोल कापायचा धीर तिला नव्हता. विजापूर वेशीजवळ पूर्वी सिद्धाराम नावाच्या माणसाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आता तिथं झेरॉक्स मशिन आहे. चेतना त्याच्याकडं गेली. सिद्धारामनं माळ्यावरून एक पोतं खाली टाकलं. आत असेच तीन कन्सोल निघाले.

"न्या बाई. जागा अडवून बसलेत नुसते," तो म्हणाला. "पण कापणार म्हणजे काय हो? चालायचे ते, चांगले."

तिन्हींपैकी दोन खरंच चालत होते. तिसऱ्या मेलेल्यावर तिनं कापायचा सराव केला. मग एका रविवारी सकाळी, तोंडाला मास्क लावून, गच्चीवर बसून पहिला चालता बोर्ड लोखंड कापायच्या करवतीनं कापला. कडा कानशीनं घासल्या. मीटर लावला, तर एका रेषेवर सरळ शून्य. थर चिकटले होते. मायक्रोस्कोपखाली कडा दिसत होती, पण कुठं चिकटलंय ते सापडत नव्हतं.

मंगळवारी दवाखान्यात वडिलांना सोडताना ती बोटं खाजवत होती. पाटीतला काचेचा बारीक भुगा कातडीत बसला होता.

"हाताला काय लागलंय, ताई?" शेजारच्या पलंगावरून बिरप्पानं विचारलं.

बिरप्पा कुंभारी गावचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं तो जरा मोठ्यानंच बोलायचा. त्याचा डाव्या हातातला फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली शीर, बंद पडल्यामुळं सुया उजव्या हातात. वर्षभर त्याची आणि भाऊसाहेबांची ओळख 'बरंय ना' आणि 'चाललंय' यापुढं गेली नव्हती.

चेतनानं पर्समधून बोर्डाचा तुकडा काढून त्याला दाखवला. बिरप्पानं तो डाव्या हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला.

"कानस पुडं-मागं चालवलीया न्हवं?"

"हो."

"मग चुरा आत दाबला जाणारच की. एका अंगानंच चालवायची. पुडं ढकलायची, उचलायची, परत पुडं. आन् पाण्यात भिजवून. शेवटाला पॉलिश पेपर, बारीकातला बारीक." त्यानं तुकडा परत दिला. "हाय काय पण ह्ये?"

चेतनानं सांगितलं. बिरप्पा ऐकत राहिला. पलीकडून भाऊसाहेबही ऐकत होते, आणि त्यांना ही बातमी नवीन होती.

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. "मी काय लहान मूल आहे का दवाखान्यात खेळत बसायला? लोक काय म्हणतील?"

"कोन लोक?" बिरप्पा म्हणाला. "हितं मी हाय आन् तुमी हाय. त्या तिकडच्या सुंदरम्मा झोपल्यात."

भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं. त्या दिवशीही ते तीन तासांनी उतरले.

पुढच्या रविवारी चेतनानं दुसरा बोर्ड बिरप्पानं सांगितलं तसा घासला. मीटरवर सगळं बरोबर आलं. तिनं चारही व्होल्टेजच्या केसाएवढ्या तारा जोडल्या, छोटा पंखा लावला, कळ दाबली. स्क्रीनवर चित्र आलं. ती एकटीच खोलीत हसली. नऊ मिनिटांनी चित्र गेलं आणि एक वास आला. वीज देणाऱ्या दोन पाट्यांच्या तारा तिनं उलटसुलट जोडल्या होत्या. जिथं सव्वा व्होल्टही नको तिथं पावणेदोनच्या वर दिला होता. नऊ मिनिटं तो बोर्ड चालला हेच नवल. दुकानात कामाला ठेवलेल्या मुलीनं अशी चूक केली असती तर चेतनानं तिला दिवसभर ऐकवलं असतं.

तिनं सगळं आवरून खोक्यात भरलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. आठवडाभर त्याचं नाव घेतलं नाही.

शनिवारी दवाखान्यातून आल्यावर भाऊसाहेबांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुझ्या त्या कापाकापीचं काय झालं?"

"दोन्ही गेले. माझ्या चुकीनं."

"आणि हा?" त्यांनी टीव्हीखालच्या कन्सोलकडं हात केला.

"हा नाही कापणार. हाही गेला तर तुमचा घरचा खेळही जाईल."

भाऊसाहेबांनी मान हलवली. "घरी मला काय कमी आहे गं? अंगणात जास्वंद आहे, रेडिओ आहे, शेजारचे जोशी येऊन डोकं खातात. घरी वेळ जातो. तिथं जात नाही." मग ते म्हणाले, "काप."

"बाबा, गेला तर?"

"गेला तर गेला. पण चूक कशी झाली ते सांग आधी."

चेतनानं सांगितलं. तारा कशा, पाट्या कशा, सगळ्या एकसारख्या दिसतात, घाईत कोणती कुठली ते राहून गेलं. भाऊसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून ठेवलं नव्हतंस?"

"डोक्यात होतं."

"डोक्यात!" बत्तीस वर्षांचा हेडक्लार्क त्या एका शब्दात उभा राहिला. त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. ठिकाण, कापण्यापूर्वी, कापल्यावर, शेरा. "उद्या सकाळी बसू. तू मोज, मी लिहितो. आणि मी वाचून दाखवल्याशिवाय तू एक तार जोडायची नाहीस."

दुसऱ्या दिवशी दोघं गच्चीवर बसले. न्याहारी झालेली होती, ऊन अजून चढलं नव्हतं. कापण्यापूर्वी चेतनानं कन्सोलच्या मेमरीत जी तयारी करायची ती केली, मासेमारीची चकती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, चकतीशिवाय खेळ चालतो याची खात्री केली. मग बोर्डावरच्या एकेका जागी मीटर लावून ती आकडा सांगत गेली आणि भाऊसाहेब तो मोठ्यानं परत म्हणून लिहीत गेले. एकवीस नोंदी झाल्या. मग करवत. पाटी सरकू नये म्हणून भाऊसाहेबांनी उजव्या तळव्यानं ती फळीवर दाबून धरली. करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांचे ओठ आवळले जात होते.

"आता मध्येच बोलू नका," चेतना म्हणाली.

"मी कुठं बोललो?"

कडा पाण्यात भिजवून, कानस एकाच दिशेनं चालवत, तिनं दीड तास घासल्या. जेवण झाल्यावर पुन्हा मोजणी. "सात नंबर," भाऊसाहेब म्हणायचे, "आधी काय होतं ते मी सांगत नाही. तू सांग." तिनं आकडा सांगितला की ते वहीत बघायचे आणि टिक करायचे. एकवीसच्या एकवीस जुळले. तारा जोडायला पुढचे दोन रविवार गेले, कारण प्रत्येक तारेला वहीत नाव, रंग आणि दोन्ही टोकं लिहिल्याशिवाय भाऊसाहेब पुढं जाऊ देईनात. चेतना वैतागली, एकदा चिडलीही. पण कळ दाबली तेव्हा चित्र आलं आणि राहिलं. एक तास गेला, दोन तास गेले. भाऊसाहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'समाधानकारक.'

आता त्याला हातात धरण्याजोगं रूप द्यायचं होतं. स्क्रीन म्हणून तिनं गाडी मागं घेताना दिसतो तो पाच इंची पडदा वापरला. तो कुठल्याही कार अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतो. त्याच्यामागं अॅल्युमिनियमच्या डब्यात बोर्ड आणि पंखा. अडचण होती ती मुठीची. एकाच हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं दांडी फिरवायची आणि बोटांनी बटणं दाबायची. प्लॅस्टिकच्या पाइपाची मूठ करून बघितली, ती घामानं घसरत होती.

हे ती बिरप्पाजवळ सहज बोलली. पुढच्या वेळी बिरप्पानं उशाखालून कापडात गुंडाळलेलं काही तरी काढलं. जुन्या मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी धोटा. दोन्हीकडं निमुळता, मधे पोकळ, आणि हाताळून हाताळून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

"आता नवीन माग बिनधोट्याचं आल्यात. ह्ये ढीगभर पडल्यात आमच्यात," तो म्हणाला. "बगा हातात धरून. वीस-वीस वर्सं ह्ये मानसाच्या हातात ऱ्हायल्यात, घसरायचं न्हाय."

चेतनानं धोटा वडिलांच्या उजव्या हातात दिला. भाऊसाहेबांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. परत मात्र दिला नाही. आणि सुताची कांडी बसते त्या मधल्या पोकळीत बॅटरीचे दोन गोल सेल एकापुढं एक असे बसले की चेतनाला त्यात काही करावंच लागलं नाही.

धोट्याची दोन्ही टोकं कापून, वरच्या बाजूला अंगठ्याची दांडी, मागं बोटांची दोन बटणं, असा तो डब्याच्या उजव्या कडेला बसवला. वजन पेलायला उशीवर टेकवायचं. वैष्णवीनं तो आधी स्वतः हातात घेऊन बघितला. वायर भिंतीला जात नाही ना, पंखा गरम हवा कुठं फेकतो, हे विचारलं, डॉक्टरांना दाखवून आणलं. "डावा हात हलला तर काढून घेईन बरं का, बाबा," तिनं दम दिला.

त्या गुरुवारी चेतना दुकान बंद ठेवून तिथंच थांबली. भाऊसाहेबांनी आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि गळ टाकला. पंख्याचा बारीक आवाज डायलिसिसच्या मशिनच्या घरघरीत मिसळून गेला. पाऊण तासानं मोठा मासा लागला. बिरप्पा मान वाकडी करून केव्हापासून बघत होता.

"आता? आता काय करनार?"

भाऊसाहेबांनी 'सोडा' दाबलं.

"सोडला?" बिरप्पा एवढ्यानं ओरडला की सुंदरम्मा जाग्या झाल्या. "अवो भाऊसाहेब, येवडा मोटा मासा! धा किलोचा आसंल!"

"मग काय घरी नेऊ?"

"टोपलीत टाका की! टोपली दिलीया न्हवं त्यानं!"

"मला मासे खायचे नाहीत, बिरप्पा. मला ते धरायचे आहेत."

 पुढचा तासभर बिरप्पा प्रत्येक माशाला हळहळत राहिला आणि भाऊसाहेब, चेतनाला दिसत होतं, मुद्दाम मोठे मासे त्याला दाखवून सोडत होते. दोन तासांनी सेल संपले. तीन वाजले, एरवीची उतरायची वेळ झाली, हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं नाही, कारण आपल्या धनगराच्या घरी मासा कसा रांधतात हे बिरप्पा त्यांना सविस्तर सांगत होता. चार वाजता वैष्णवीनं सुया काढल्या.

"झालं इतक्यात?" भाऊसाहेब म्हणाले.

चेतनानं पर्समध्ये काही तरी शोधायचं निमित्त केलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली.

तिनं सेलची दुसरी जोडी करून दिली. तीन आठवड्यांत पायांची सूज उतरली. पण दुसरीच गोष्ट तिच्या लक्षात आली. खेळ मध्ये कधी तरी बिरप्पाकडं जायचा, आणि तो हताश होऊन परत द्यायचा. मूठ उजव्या बाजूला, आणि त्याचा मोकळा हात डावा.

"राहू दे ताई, मी बगतो की नुसतं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पर एक सांगू? धोट्याला पुडचं-मागचं न्हाय. डावीकडनं बी पळतो, उजवीकडनं बी. तुमीच त्याला एक अंग करून ठिवलंय."

चेतनानं धोटा हातात उलटा धरून बघितला. दांडी वरच्या टोकाला बसवली ही तिचीच चूक होती. दांडी बरोबर मध्यावर आणली तर सगळा गेम उलटा करून डाव्या हातात धरता येईल. चित्र उलटं व्हायची सोय त्या गाडीच्या पडद्यात आधीपासूनच होती. दांडीच्या दिशा उलट्या करायला एक छोटी कळ लागली. एका रविवारचं काम. भाऊसाहेबांनी वहीत नवं पान घातलं.

मग खेळ दोघांचा झाला. पहिले दोन तास भाऊसाहेब, पुढचे दोन बिरप्पा. पुढं बिरप्पाला कारखान्यात बसून करायचं काम मिळालं आणि त्याच्या डायलिसिसची पाळी सकाळची झाली. तेव्हापासून खेळ वैष्णवीच्या कपाटात राहतो. सकाळी बिरप्पा टोपली भरून ठेवतो. दुपारी भाऊसाहेब आले की पहिला अर्धा तास त्याचे मासे एकेक करून तळ्यात सोडण्यात घालवतात. वैष्णवी दोघांचे निरोप इकडून तिकडं पोचवते. "त्यांना सांग, तेरा होते आज. माझा वेळ जातो यात." "तुमी सांगा, आज सोळा धरतो."

बिरप्पानं आणखी एक गोष्ट केली. कारखान्याच्या मालकाला त्यानं सांगितलं की नव्या पेठेत एक बाई आहे, तिच्या हातात कसलाही बोर्ड द्या, चालता करून देते. नव्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं बिघडली की बाहेरगावी पाठवावी लागत, आणि ती येईपर्यंत माग उभा. मालकानं पहिलं कार्ड जरा शंका घेतच पाठवलं. चेतनाला त्याच्यावर तीन दिवस लागले. दुसऱ्याला एक.

आता दर बुधवारी सकाळी ती स्कूटरवरून अक्कलकोट रोडला जाते. डिकीत मीटर, सोल्डरिंगचं सामान आणि वडिलांनी रकाने आखून दिलेली नवी वही. पहिल्या बुधवारी गेटवरच्या वॉचमननं तिला थांबवलं आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय, मॅडम?"

"अकरा नंबरच्या मागाला," चेतना म्हणाली, आणि हेल्मेट काढून आत गेली.